इग्वाना खात नाही, हात लावू देत नाही: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये काय-काय तपासायचं

इग्वाना, म्हणजे पाला खाणारा मोठा परदेशी सरडा, पाळणाऱ्यांचे दरवर्षी दोनदा मला याच तक्रारीचे फोन येतात. एकदा जुलैमध्ये, पावसाने चांगला जोर धरला की. आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. फोन घोडबंदर रोडवरून असो, ऐरोलीहून असो नाहीतर खारघरहून, बोलणं साधारण एकच: "ताई, आमचा इग्वाना खातच नाहीये. परवापर्यंत खांद्यावर बसायचा, आता जवळ गेलं की शेपटी मारतो."

लोक या दोन तक्रारी वेगळ्या धरतात. खात नाही म्हणजे पोट बिघडलंय, मारतो म्हणजे रागावलाय. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दोन्हीचं मूळ एकच निघालं. त्याला ऊब कमी पडत होती, नाहीतर त्याची यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) संपली होती. गार पडलेल्या सरड्याला चपळाईने पळता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी राहून मारतो. त्याला हाताची सवय लावायच्या मागे लागण्याआधी दिवा तपासायचा, तो यासाठी.

माझ्याकडचा पाचू आता दहाव्या वर्षात आहे. नर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास, साडेचार किलो. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी त्याच्यावर चुका करून शिकले, आणि त्या चुका त्याने सोसल्या.

लक्षणं

सुरुवात अशी होते. सकाळी दिवा लागला तरी तो वर शेकायला येत नाही, किंवा दिवसभर दिव्याखालीच चिकटून बसतो. पाला तसाच सुकतो. शी रोजच्या ऐवजी तीन-चार दिवसांनी होते आणि शीबरोबरचा पांढरा भाग खडूसारखा कडक किंवा पिवळसर दिसतो. हिरवा रंग मळतो, तपकिरीकडे झुकतो. जवळ गेलं की गळ्याखालची पाळ ताणून उभी करतो, अंग बाजूने चपटं करतो, शेपटी धनुष्यासारखी वाकवतो. तिथपर्यंत काम घरच्या घरी होऊ शकतं.

पण पुढच्या पायांची बोटं थरथरत असतील, खालचा जबडा सुजलेला किंवा रबरासारखा लागत असेल, मागच्या मांड्या अचानक "गुबगुबीत" झाल्या असतील, चालताना पोट जमिनीला घासत असेल, तर इथेच थांबा आणि थेट शेवटच्या भागावर जा.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. इग्वाना शिंकतो आणि नाकपुड्यांभोवती पांढरी पूड जमते, ते मीठ असतं. जास्तीचं मीठ तो नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. सर्दी नव्हे.

फुकटची पहिली तपासणी: हा नक्की इग्वाना आहे ना?

ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे विचारावंच लागतं. पावसाळ्यात सोसायटीच्या गटाराजवळ घोरपडीचं पिल्लू सापडतं, कुणीतरी उचलून टाकीत ठेवतं आणि मग "इग्वाना पाला खात नाही" म्हणून फोन येतो. घोरपड पाला खाणारच नाही, ती मांसाहारी. ओळख सोपी आहे. इग्वानाच्या कानाखाली एक मोठा गोल चकतीसारखा खवला असतो आणि पाठीवर काट्यांची रांग. घोरपडीला दोन्ही नाही, तिची जीभ सापासारखी दुभंगलेली आणि सतत आत-बाहेर. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पाळणं हा ३ ते ७ वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा आणि पिल्लू त्यांच्या ताब्यात द्या.

हिरवा इग्वाना परदेशी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा प्राण्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. कागद नसतील तर ते काम आधी हाती घ्या.

दुसरी, तीही फुकट: कॅलेंडर आणि खिडकी

पाच-सहा वर्षांचा नर हिवाळ्याच्या महिन्यांत अंगावर केशरी झाक आणतो, डोकं जोरजोरात वर-खाली हलवतो, खाणं निम्म्यावर आणतो आणि एरवी जी माणसं त्याला चालतात त्यांच्यावरही धावून जातो. हा माजाचा काळ. काही आठवड्यांनी उतरतो. या दिवसांत त्याला खांद्यावर घ्यायचंच नाही, एवढा एकच उपाय.

मादी असेल तर तिचं पोट बघा. नर नसला तरी मादी अंडी धरते. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, ती कोपरे उकरतेय, खात नाही पण हिंडतेय, अशी असेल तर तिला खोल ओली माती-वाळू भरलेला मोठा टब द्या. अंडी घालायला जागा मिळाली नाही तर ती पोटातच अडकतात, आणि त्यात जीव जातो.

मग त्याच्या उंचीवर डोकं नेऊन खोली बघा. ऐरोलीच्या एका घरी मी तासभर दिवे मोजत बसले होते. सगळं व्यवस्थित. शेवटी पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसले तेव्हा समोरच्या सरकत्या काचेत मला माझंच तोंड दिसलं. त्या नराला दिवसभर समोर दुसरा नर दिसत होता. काचेला वर्तमानपत्र चिकटवलं आणि चौथ्या दिवशी तो जास्वंदीची फुलं खायला लागला. कावळ्यांचंही तसंच. खिडकीच्या ग्रिलवर रोज कावळा येऊन बसत असेल तर इग्वानाच्या लेखी ती शिकारी पक्ष्याची सावली आहे.

तिसरी, दोन-तीनशे रुपयांची: थर्मामीटर

"खोलीत उकडतंय ताई, त्याला काय थंडी वाजणार?" हे मी नेहमी ऐकते. आपल्याला उकडतं ते दमटपणामुळे. जुलैत ठाण्यात बाहेर २७ अंश असतात, आणि इग्वानाला शेकायच्या फांदीवर ३५ ते ३८ लागतात. पिंजऱ्याची दुसरी बाजू २६ ते २८, आणि रात्री मी २४ च्या खाली जाऊ देत नाही.

का, ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. इग्वाना नुसता पाला खातो आणि तो पाला त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच होतं. ऊब कमी पडली की पोटातला पाला आंबायचा थांबतो, तिथेच पडून राहतो, आणि पोट भरलेलंच असल्यामुळे तो पुढचं खात नाही. म्हणून गार पडलेल्या इग्वानाच्या तोंडात सिरिंजने भाजीचा लगदा कधीही ढकलू नका. आत तो सडतो. आधी ऊब, मग अन्न.

मोजायचं कसं? वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. त्याचं टोक बरोबर तिथे बांधा जिथे त्याची पाठ येते. पिंजऱ्याच्या भिंतीवर चिकटवलेली तबकडी हवेचं तापमान सांगते, फांदीचं नाही. कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूकही इथे चालत नाही. ती माणसाच्या अंगाच्या तापमानासाठी बनवलेली असते. सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री अकरा आणि पहाटे पाच असे चार आकडे दोन दिवस वहीत लिहा.

आकडा कमी आला की दिवा बदलायच्या आधी वर बघा. पंखा चालू आहे का? आपल्या घरांत छताचा पंखा चोवीस तास फिरतो आणि तो वारा जाळीतून आत जाऊन फांदीवरची ऊब उडवून नेतो. पंखा बंद करून पुन्हा मोजा. खारघरच्या एका घरात पिंजरा बेडरूममध्ये होता आणि रात्रभर एसी २२ वर. पिंजरा हॉलमध्ये हलवला, दुसरा काहीच उपाय करावा लागला नाही.

त्यानंतरही कमी पडलं तर दिवसासाठी हॅलोजन किंवा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, आणि रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) जोडून. दोन्ही जाळीच्या मागे, त्याला चढून चिकटता येणार नाही असे. आतून तापणारे "गरम दगड" विकत घेऊ नका. पोटाखालचा चटका इग्वानाला वेळेत कळत नाही. भाजून कातडी गेलेलं पोट मी पाहिलंय.

चौथी: ट्यूबची तारीख

हाडं घट्ट राहायला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व, आणि ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी किरण. आपल्याकडे आठ महिने ऊन फुकट असतं. जून ते सप्टेंबर ते ढगाआड जातं आणि त्याच काळात घरातले इग्वाना ढासळतात.

पाचूच्या तिसऱ्या पावसाळ्यात मी त्याला बाल्कनीतून आत आणलं आणि ट्यूबवर विसंबले. ट्यूब चौदा महिने जुनी होती. पण पांढरीशुभ्र जळत होती, मग मला शंका का यावी? दुकानदाराने सांगितलं होतं, जळते तोवर चालते. ऑगस्टच्या शेवटी तो माझ्या हातावर बसला असताना त्याच्या उजव्या पंजाची बोटं थरथरली. मोबाइल सायलेंटवर वाजावा तशी. थांबली, पुन्हा थरथरली. मला वाटलं घाबरलाय. दहा दिवसांनी त्याला फांदीवर चढता येईना. एक्स-रेमध्ये हाडं आणि भोवतीचं मांस जवळजवळ एकाच करड्या रंगाचं दिसत होतं. बरा व्हायला सात महिने गेले, आणि कमरेजवळ त्याच्या कण्याला आजही एक वळण आहे. रोज ते माझ्या तळहाताला लागतं.

यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही. ट्यूबचा उजेड शाबूत असताना त्यातलं यूव्हीबी संपलेलं असतं. प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांत. म्हणून ट्यूब लावल्या दिवशी तिच्या टोकाच्या पट्टीवर पक्क्या मार्करने तारीख घाला. तारीख आठवत नसेल तर ट्यूब जुनी समजा आणि बदला. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलते, जुनी चांगली असली तरी.

ट्यूब आणि सरडा यांच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक येता कामा नये, दोन्ही यूव्हीबी अडवतात. बारीक जाळीही बराच भाग खाते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला ऊब मिळते, यूव्हीबी नाही. ट्यूब शेकायच्या फांदीच्याच वर हवी, खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर. निळा-जांभळा उजेड देणारे स्वस्त "यूव्ही" दिवे यूव्हीबीचे नसतात. पाण्याच्या फिल्टरमधली किंवा निर्जंतुकीकरणाची यूव्हीसी ट्यूब तर चुकूनही लावू नका. तिने त्याचे आणि तुमचेही डोळे भाजतात.

ऊन पडलं की सकाळी अर्धा तास बाहेर द्या, पण तारेच्या पिंजऱ्यात आणि अर्ध्या भागावर सावली धरून. काचेची टाकी उन्हात ठेवली तर भट्टी होते. मे महिन्यात बाल्कनीत असे मेलेले सरडे मला माहीत आहेत.

पाचवी: ताट

ऊब आणि ट्यूब ठीक असूनही खात नसेल तरच इकडे या. सगळ्यात जास्त घरांत सापडतो पालक. पालकातली ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. माठाचंही तेच. कधीतरी चालतं, रोज नाही. माझं रोजचं ताट म्हणजे शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं मिळाली तर ती, आणि किसलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी. जांभळी नाक्याच्या मंडईत शेवग्याचा पाला मिळाला नाही तर सोसायटीच्या झाडावरून घेते. पण पावसाळ्यात तिथे डासांची किंवा किडीची फवारणी झालीय का ते वॉचमनला विचारून, आणि धुऊन. फळ तोंडापुरतं. अंडं, चिकन, कुत्र्या-मांजराचं खाणं पूर्ण बंद. त्याने मूत्रपिंडं जातात, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

कॅल्शियमची पूड पाल्यावर भुरभुरा, फॉस्फरस नसलेली. माणसांच्या डी-३ घातलेल्या गोळ्या कुटून देऊ नका. डी-३ जास्त झालं की तेही जिवावर बेततं.

रोज कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, पाणी खांद्याच्या खाली. बरेच इग्वाना तिथेच शी करतात आणि पोट मोकळं होतं.

सहावी: तुमचा हात

वरचं सगळं सुधारून दोन आठवडे झाले, खातोय, रंग उजळला, तरी मारतो. आता हाताकडे वळा.

इग्वानाच्या टाळूवर एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो. वरून सावली पडली की त्याच्यासाठी घार आली. आपण मात्र मांजर उचलावं तसा वरून हात घालतो. हात बाजूने आणा, त्याच्या पोटाच्या उंचीवर, त्याला दिसेल असा. बोटं मिटलेली, कारण हलणारी बोटं त्याला खाऊ वाटू शकतात. आधी पुढच्या पायांच्या मागे, छातीखाली तळहात सरकवा. तो तिथे टेकला की दुसरा हात मागच्या पायांखाली. चारही पायांना आधार मिळाला पाहिजे. लोंबकळणारा पाय म्हणजे पडण्याची भीती, आणि भीती म्हणजे नखं. मग त्याला तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत फांदीसारखं बसू द्या, शेपूट काखेखाली. शेपटी कधीही धरायची नाही, ती तुटते. पुन्हा उगवते ती आखूड आणि काळपट.

पहिले आठ दिवस उचलूच नका. रोज एकाच वेळी हात पिंजऱ्यात नेऊन पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि काढा. पाळ उभी झाली, शेपटी वाकली की हात मागे ओढू नका, पुढेही नेऊ नका. तिथेच थांबा. तो सैलावला की काढा. फटका खाऊन लगेच हात काढला तर फटक्याने माणूस जातो, एवढंच तो शिकतो. जाड फुल स्लीव्ह घाला, चष्मा घाला आणि तोंड त्याच्या अंगापासून लांब ठेवा. दीड मीटरच्या नराची शेपटी डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो.

उचलावंच लागलं, साफसफाईसाठी किंवा डॉक्टरांकडे न्यायला, तर मोठा टॉवेल त्याच्या डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की तो शांत होतो. टॉवेलसकट उचला.

चावला तर ओढू नका. त्याचे दात करवतीसारखे असतात, ओढलं की आपलंच मांस फाटतं. हात जमिनीला टेकवा, त्याचे पाय टेकू द्या, डोक्यावर कापड टाका आणि थांबा. सोडल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर वेळ धुवा. जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

सरड्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असू शकतो, निरोगी दिसणाऱ्याच्याही. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजी-आजोबा असतील तर त्यांनी हाताळायचंच नाही.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

थरथर, मऊ जबडा, सुजलेल्या मांड्या, ओढत नेलेले मागचे पाय: त्याच दिवशी. तोंड उघडं ठेवून श्वास, नाका-तोंडातून बुडबुडे: त्याच दिवशी. अंडी धरलेली मादी सुस्त पडली किंवा जोर करून दमली, गुदद्वारातून काही बाहेर आलं, शेपटीचं टोक काळं पडून वर चढतंय: त्याच दिवशी. ऊब आणि ट्यूब सुधारून आठवडा झाला तरी मोठा इग्वाना खात नाही, पिल्लू तीन दिवस खात नाही, किंवा वजनकाट्यावर दहावा हिस्सा वजन उतरलंय: पुढे ढकलू नका. घरी कॅल्शियमचं इंजेक्शन, प्रतिजैविक, एरंडेल, काहीही करायचं नाही. एक्स-रे आणि रक्त तपासल्याशिवाय किती द्यायचं हे कुणालाच कळत नाही.

आपल्याकडचे बहुतेक प्राण्यांचे डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात. फोनवर सरळ विचारा, "सरपटणारे प्राणी तपासता का, एक्स-रे होईल का?" नाही म्हणाले तर वेळ घालवू नका. परळला पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे आधी फोन करून निघा.

नेताना सुती उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा आणि तो अभ्रा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा. बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, गाडीचा एसी बंद. सोबत तापमानाची वही, ट्यूबच्या तारखेचा आणि ताटाचा फोटो, आणि ताजी शी एका डबीत. अभ्र्याची गाठ सोडायची ती तपासणीच्या खोलीत, दार-खिडक्या लावून झाल्यावर आणि पंखा बंद करून.